टँपाजवळच्या पूल केजला कोणती जाळी? वादळानंतरच्या एका निवडीचं प्रकरण

मिल्टन वादळ ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएस्टा की इथे जमिनीवर आलं. त्या रात्री सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं कापडी छप्पर फाटलं आणि ते दृश्य जगभर दिसलं. त्याच पट्ट्यात घरांमागच्या पूल केजचीही (पोहण्याच्या तलावाभोवतीचा ॲल्युमिनियमचा जाळीदार पिंजरा) पडझड झाली, तिची बातमी अर्थातच झाली नाही. पुढच्या आठवड्यांत घरोघरी प्रश्न एकच होता. जाळी तर बदलायचीच आहे, मग या वेळी ‘मजबूत’ जाळी का लावू नये?

या प्रश्नासाठी टँपा बे या खाडीच्या उत्तरेकडचं एक प्रातिनिधिक घर घेऊ. घर १९९८ च्या सुमाराचं, म्हणजे १ मार्च २००२ ला राज्यभर एकच इमारत संहिता लागू झाली त्याच्या आधीचं. मागच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून, ॲल्युमिनियमचा पिंजरा: घराला समांतर ४० फूट, बाहेर २४ फूट, भिंतींची उंची ९ फूट. छप्पर कमी उताराचं, साधारण ८ × ८ फुटांचे १५ खण. तिन्ही भिंतींना मिळून ११ खण, आणि प्रत्येकात जमिनीपासून ३ फुटांवर एक आडवी पट्टी. जाळी १८×१४ ची (एका इंचातले दोन्ही दिशांचे धागे) फायबरग्लास, दहा वर्षांहून जुनी. घरात दोन लहान मुलं आणि एक मोठा कुत्रा. पुढे निवड करताना दोघांचाही संबंध येतो.

वादळानंतरची स्थिती अशी: पुढच्या भिंतीचे वरचे चार खण फाटले. छपराचे सहा खण गेले, त्यातले बहुतेक घराच्या भिंतीलगतचे, आणि तिथे जाळी फाटण्याऐवजी स्प्लाइनसकट (जाळी खाचेत दाबून धरणारी लवचिक दोरी) खाचेतून उपटून आली. सांगाडा उभा राहिला. पण खांबांच्या बुडाशी चार स्क्रू डोक्याशी तुटलेले, आणि तुटलेल्या तोंडावर जुना तांबडा गंज. म्हणजे ते वादळाच्या आधीच अर्धे संपले होते.

घरमालकांना मिळालेला सल्ला सरळ होता: सगळीकडे जाड पॉलिस्टर जाळी लावा, पुन्हा फाटणार नाही. हे खरं आहे, आणि अडचण तिथेच आहे.

आधी कोणत्या वाऱ्याने काय केलं

मिल्टनचा डोळा टँपाच्या दक्षिणेकडून गेला. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे टँपाला वारा आधी पूर्व-ईशान्येकडून आणि मग उत्तरेकडून आला. याच वाऱ्याने बेमधलं पाणी बाहेर ओढलं गेलं आणि किनारा काही तास कोरडा पडला. उत्तराभिमुख केजवर वारा थेट आदळला, पुढची जाळी ओलांडून आत शिरला आणि समोर घराची भरीव भिंत लागल्यावर वर वळला. घरालगतचे छपराचे खण खालून वर दाबले गेले ते यामुळे.

डोळा बेच्या उत्तरेकडून गेला असता तर वारा दक्षिण आणि पश्चिमेकडून आला असता. तेव्हा हेच घर केजसाठी आडोसा ठरलं असतं. त्यामुळे ‘या वेळी उत्तरेची भिंत फाटली, तिलाच दणकट जाळी लावू’ या विचाराला अर्थ नाही. पुढचं वादळ कुठल्या बाजूने जाईल ते दोन दिवस आधीसुद्धा नक्की नसतं.

जाळीचा हिशोब

आपल्याकडे शेडनेट ३५, ५० किंवा ७५ टक्के सावलीच्या हिशोबाने विकली जाते, त्यामुळे किती भाग बंद आहे ते शेतकऱ्याला लगेच कळतं. पूल केजची जाळी इंचातल्या धाग्यांवर विकली जाते. १८×१४ म्हणजे एका इंचात एका दिशेने १८ धागे, दुसऱ्या दिशेने १४. वाऱ्यासाठी कामाचा आकडा, म्हणजे उघडा भाग किती, तो स्वतः काढावा लागतो. रीत सोपी आहे: प्रत्येक दिशेचे धागे गुणिले धाग्याची जाडी, ते १ मधून वजा करायचं, आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करायचा.

१८×१४, धागा ०.०१३ इंच: ०.७६६ × ०.८१८, म्हणजे सुमारे ६३ टक्के उघडं आणि ३७ टक्के बंद. २०×२०, तोच धागा: ०.७४ × ०.७४, म्हणजे ५५ टक्के उघडं आणि ४५ टक्के बंद. आता जाड पॉलिस्टर घ्या, समजा १७×१४ आणि धागा ०.०१८ इंच. आकडा १८×१४ च्या जवळचा दिसतो, पण उत्तर येतं ५२ टक्के उघडं, ४८ टक्के बंद. डोळ्यांना मोकळी वाटणारी ही जाळी वाऱ्याला २०×२० पेक्षाही जास्त अडवते. उत्पादनागणिक धाग्याची जाडी बदलते, म्हणून तांत्रिक पत्रकात ती पाहिल्याशिवाय निवड करू नये. पत्रकात जाडी दिलीच नसेल तर ती विचारावी.

आता वारा. त्याचा दाब (पौंड प्रति चौरस फूट) साधारण ०.००२५६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग ताशी मैलांत. ७५ मैलांना (१२० किमी) १४.४, १०० मैलांना २५.६, १२० मैलांना ३६.९. पुढची भिंत ४० × ९, म्हणजे ३६० चौरस फूट. दाब, क्षेत्रफळ आणि बंद भाग यांचा ढोबळ गुणाकार केला तर ७५ मैलांच्या वाऱ्यात १८×१४ वर सुमारे १,९२० पौंड येतात, २०×२० वर २,३३० आणि वरच्या जाड पॉलिस्टरवर २,४९०. हे आकडे तुलनेपुरते आहेत. खऱ्या डिझाइनमध्ये आकार, उंची, परिसर आणि मागच्या भिंतीवरचा भारही धरतात. पण फरकाचं प्रमाण खरं आहे: फक्त जाळी बदलली आणि एकट्या पुढच्या भिंतीवर साडेपाचशेहून अधिक पौंड वाढले. १२० मैलांना हाच फरक अडीचपट होतो.

हा भार जाळीत थांबत नाही. तो जाळीतून स्प्लाइनला, तिथून २×२ इंची पट्ट्यांना, मग तुळयांना आणि खांबांना, आणि शेवटी खांबाच्या बुडाशी असलेल्या स्क्रूंना जातो. जुनी १८×१४ ठरावीक वाऱ्यानंतर फाटते आणि सांगाड्यावरचा भार एकदम उतरतो. घरातल्या फ्यूजचंच काम ती करते. न फाटणारी जाळी लावली की पुढे जो सर्वात कच्चा दुवा असेल तो जातो, आणि या घरात कच्चा दुवा होता गंजलेले स्क्रू. जाळी परत लावायला चार माणसांचा एक-दोन दिवसांचा वेळ लागतो. पूर्ण सांगाडा कोसळून पूलमध्ये किंवा शेजाऱ्याच्या छपरावर पडला तर इंजिनिअर, परवाना आणि नवं बांधकाम, सगळं पहिल्यापासून. शिवाय फ्लोरिडातल्या अनेक गृहविमा पॉलिसी वादळात स्क्रीन केजचं नुकसान वगळतात किंवा त्याला वेगळी मर्यादा घालतात. ते कलम आधी काढून वाचावं.

फ्लोरिडा संहितेतही याचं प्रतिबिंब आहे. स्क्रीन केजसाठी दिलेले दाबाचे तक्ते २०×२०, ०.०१३ इंच इथपर्यंतच्या जाळीला लागू होतात. त्याहून दाट काही लावलं तर बंदिस्त इमारतीचे दाब धरावे लागतात. जाड पॉलिस्टर या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतं हे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर ठरू नये, इंजिनिअरने लेखी सांगावं. नवा केज आजच्या नियमांनी, २०×२० चा भार धरून बांधला असेल तर दणकट जाळीला हरकत घ्यायचं कारण उरत नाही. वाद आहे तो फक्त जुन्या सांगाड्याचा.

किड्यांचा प्रश्न वेगळा

२०×२० लोक घेतात ते नो-सी-अम नावाच्या बारीक, चावऱ्या चिलटांसाठी. खारफुटी आणि दलदलीजवळ ती संध्याकाळी बसू देत नाहीत. १८×१४ चं भोक सुमारे १.१ × १.५ मिलिमीटर, २०×२० चं ०.९४ मिलिमीटर. चिलटं एक ते तीन मिलिमीटरची असतात, त्यामुळे पहिल्यातून बरीच आत येतात आणि दुसऱ्यातून कमी. डास मात्र १८×१४ मध्येही अडतात.

हे घर किनाऱ्यापासून आत आहे. जवळ पावसाच्या पाण्याचं तळं आहे, म्हणून त्रास डासांचा. तेव्हा २०×२० ची गरज नव्हती. खारफुटीलगत घर असतं तरी सगळा केज दाट करण्याऐवजी लनाईच्या (घराच्याच पक्क्या छपराखालचा व्हरांडा) उघड्या बाजूंना २०×२० लावणं जास्त शहाणपणाचं. तिथे खण लहान असतात आणि आधार घराच्या भिंतींचा असतो. दाट जाळीची आणखी एक खोड म्हणजे मुसळधार पावसात भोकांत पाण्याचा पडदा धरतो, छपरावर ओकची पानं आणि शेवाळं साठतं, आणि कागदावरचे ४५ टक्के प्रत्यक्षात कितीतरी वर जातात.

ठरलं ते

छप्पर आणि भिंतींचे वरचे खण: १८×१४ फायबरग्लास, काळा रंग, काच-धाग्याच्या जाळीसाठीच्या एएसटीएम डी३६५६ मानकाची. काळ्या रंगातून बाहेरचं स्वच्छ दिसतं आणि डागही कमी दिसतात. आडव्या पट्टीखालचे खण: जाड पॉलिस्टर. तिथे कुत्र्याच्या पंजांचा प्रश्न आहे, खण फक्त ३ फूट उंच आहेत आणि जमिनीलगत वारा तुलनेने मंद असतो.

खालच्या पॉलिस्टरचं दुसरं कारण मुलं. फ्लोरिडात पूलला किमान ४८ इंच उंचीचा अडथळा लागतो आणि अनेक घरांत केज हाच तो अडथळा असतो. दाराने पूलपासून बाहेरच्या दिशेने उघडावं, आपोआप बंद होऊन कडी लागावी, आणि कडी सोडवायची जागा दाराच्या खालच्या कडेपासून किमान ५४ इंचांवर असावी. खालची जाळी फाटकी असेल तर दाराची कडी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही.

छपराचे ८ × ८ चे खण मोठे आहेत आणि इथे अजून एक सुधारणा करता येते. ताणलेल्या जाळीतला ओढ खणाच्या लांबीवर आणि ती किती झुकते यावर अवलंबून असतो. १८×१४ वर ७५ मैलांच्या वाऱ्यात दर चौरस फुटाला सुमारे ५.३ पौंड येतात. ८ फुटांच्या पट्टीला ४ इंच झोळ आला तर कडेवर फुटाला १२७ पौंड ओढ येतो, ८ इंच झोळ आला तर निम्मा. जाळी चारही कडांनी धरलेली असल्यामुळे प्रत्यक्षातला ओढ यापेक्षा कमी असतो, पण दिशा हीच. म्हणजे ढोलासारखी ताठ बसवलेली जाळी दिसायला सुबक आणि वाऱ्यात वाईट. घरालगतच्या पाच खणांमध्ये मधोमध २×२ ची एक आडवी पट्टी टाकून खण ४ फुटांचे केले, की झोळाचं प्रमाण तेच राहिलं तरी ओढ निम्मा होतो. ही पट्टी म्हणजे सांगाड्यातला बदल असल्याने काउंटीचा (स्थानिक प्रशासनाचा) परवाना लागतो का ते आधी विचारावं. नुसती जाळी बदलायला साधारणपणे तो लागत नाही.

जाळीच्या आधी सांगाडा

कामाचा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो: जाळी चढते आणि मग गंज दिसतो. इथे आधी खांबांची बुडं घेतली. प्रत्येक बुडाशी स्क्रू मोजायचे, डोक्याभोवती तांबडा ओघळ किंवा ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आहे का ते पाहायचं, पाना लावून हलकं पिळायचं. गंजका स्क्रू तिथेच तुटतो, आणि तो आज तुटलेला बरा. साधा जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आली की गंज अटळ आहे. पूल मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या क्लोरिनेटरवर असेल तर आणखी लवकर. बदली म्हणून ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचे पाव इंची काँक्रीट अँकर, एका वेळी एकच काढून. जुन्या भोकात नवा घालू नये. भोक मोकळं झालेलं असतं. बाजूला नवं पाडावं, आणि काँक्रीटच्या कडेच्या फार जवळ नको.

पेव्हरची फरशी असेल तिथे खास पाहावं. अँकर नुसत्या पेव्हरमध्ये रुतलेला असेल तर तो काहीच धरत नाही, कारण पेव्हर वाळूवर सुटा बसवलेला असतो. लांब अँकर पेव्हर पार करून खालच्या काँक्रीट पायात गेला पाहिजे. या घरात एका बाजूला नेमकं हेच आढळलं. नंतर कधीतरी पेव्हर टाकताना खांब वर घेतला गेला आणि स्क्रू तेवढेच राहिले.

दुसरी जागा घराशी जोड. छपराच्या तुळया सुपर गटर नावाच्या जाड पन्हळीवर टेकतात आणि ती पन्हळ घराच्या फॅसिया फळीला (छपराच्या कडेची उभी फळी) जोडलेली असते. फळी कुजली असेल तर स्क्रू कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. पेचकस टोचून पाहायचा, मऊ लागली तर फळी बदलायची, आणि स्क्रू आतल्या छप्पर-कैच्यांच्या टोकांपर्यंत पोचतील एवढे लांब घ्यायचे. कोपऱ्यांतले तिरपे आधार आणि स्टीलच्या तारा ढिल्या असतील तर जाळीच्या आधी ताणायच्या. पूलच्या काठापासून ५ फुटांच्या आतला धातूचा सांगाडा विद्युत बाँडिंगच्या, म्हणजे पूलभोवतीचे धातूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या, तांब्याच्या तारेला जोडलेला असायला हवा. खांब उचलताना ती जोडणी तुटली तर इलेक्ट्रिशियनकडून परत करून घ्यावी. हे विसरलं जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

माल आणि बसवणं

८ फुटांच्या खणाला ९६ इंची रोल पुरेल असं वाटतं, पण पुरत नाही. प्रत्येक बाजूला दोन-तीन इंच हातात धरायला लागतात, म्हणून १०८ इंची घ्यायचा. छपराचे १५ तुकडे साडेआठ फुटांचे, भिंतीचे वरचे ११ तुकडे साडेसहा फुटांचे: एकूण १९९ फूट. १०० फुटांचे दोन रोल कागदावर पुरतात, पण एक तुकडा वाकडा कापला की अडतं. २५ फूट जादा घ्यावी. खालच्या खणांना ४८ इंची पॉलिस्टरचा १०० फुटी एक रोल, ११ तुकडे साडेआठ फुटांचे. स्प्लाइन फायबरग्लाससाठी सुमारे ७९० फूट आणि पॉलिस्टरसाठी २४० फूट, दोन्हींवर दहा टक्के जास्त. मधल्या नव्या पट्ट्यांचे ८० फूट वेगळे.

दोन्हींना एकच स्प्लाइन चालत नाही. खाच तीच असली तरी पॉलिस्टर जाड, म्हणून तिला एक माप बारीक स्प्लाइन. जाड स्प्लाइन ठोकून घातली तर खाचेचे ओठ उघडतात आणि पुढच्या वेळी काहीच बसत नाही. बारीक घातली तर पहिल्या वादळात उपटून येते. कसोटी अशी: रोलरने मध्यम जोरात एका फेरीत बसली पाहिजे, आणि जाळी काटकोनात ओढली तर हलता कामा नये. जुनी कडक झालेली स्प्लाइन परत वापरू नये.

खाच आधी ब्रशने साफ करायची. वाळू आणि शेवाळं राहिलं तर स्प्लाइन पूर्ण खोल जात नाही आणि घरालगतच्या खणांचं जे झालं तेच पुन्हा होतं. वरची कड आधी, मग एक उभी, मग समोरची, शेवटी खालची. दुसऱ्या कडेपासून जाळी हाताने फक्त सुरकुती जाईल इतकीच ओढायची. पॉलिस्टर जास्त ताणलं तर २×२ ची पट्टी आत वाकते आणि शेजारचा खण ढिला पडतो. जादा जाळी नव्या पात्याने स्प्लाइनच्या बाहेरच्या बाजूने कापायची. पातं आत सरकून पडलेला बारीक छेद दिसत नाही, आणि फायबरग्लास नेमकं तिथूनच फाटत जातं. छपराचं काम फळ्या तुळयांवर टाकून, सवय असलेल्या माणसांनीच करावं. २×२ वर कधीच पाय देऊ नये.

पुढच्या वादळाआधी

फ्लोरिडा संहितेत अशी सोय आहे की जाळी काढता येईल असं धरून केज डिझाइन करता येतो. मग वारा ताशी ७५ मैलांच्या वर जाणार असेल तेव्हा जाळी काढायची किंवा कापायची जबाबदारी घरमालकाची, आणि तशी सूचना त्याला दिली जाते. जुन्या केजला हाच मार्ग व्यवहारात उपयोगी पडतो. हरिकेन वॉर्निंग, म्हणजे चक्रीवादळाचा इशारा, वादळी वारे पोचण्याच्या साधारण ३६ तास आधी येते. काम तेव्हा करायचं, वारा सुरू झाल्यावर नाही.

यासाठी वरच्या ११ खणांना क्रमांक देऊन त्यांचा नकाशा गॅरेजमध्ये लावला. कुठले काढायचे ते वाऱ्याच्या अंदाजावर ठरतं, पण समोरासमोरच्या बाजूंचे मोकळे केले पाहिजेत. एकाच बाजूचे काढले तर वारा आत शिरून अडकतो आणि छपराला वर ढकलतो. आतून शिडीवर उभं राहून स्प्लाइन ओढून जाळी पूर्ण काढायची. अर्धवट कापून लोंबती ठेवलेली जाळी फडफडते आणि शेजारची स्प्लाइन उचकटते. आडव्या पट्टीखालचे खण मात्र हलवायचे नाहीत. तरी वरचे खण उघडे असेपर्यंत अडथळा ३ फुटांचाच राहतो आणि ४८ इंचांची अट पुरी होत नाही. म्हणून त्या काळात घरातून पूलकडे जाणारी दारं कुलूपबंद ठेवायची आणि वादळ गेल्यावर पहिलं काम भिंतींच्या जाळीचं करायचं.

दर वसंतात, म्हणजे १ जूनला हंगाम सुरू होण्याआधी, छपराच्या जाळीवर अंगठा दाबून पाहायचा. हाताला काळी-पांढरी भुकटी लागली आणि धागा वाकण्याऐवजी मोडला, तर तो खण बदलायला आला. उन्हामुळे छपराची जाळी भिंतींच्या आधी संपते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी बदलायची गरज नाही. शेवाळं पातळ ब्लीचच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढून लगेच धुवायचं, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारायचा नाही. कोपऱ्यात स्प्लाइन जराशी वर आलेली दिसली तर ती परत दाबत बसू नये. त्या कडेची पूर्ण स्प्लाइन काढून, खाच साफ करून, नवी घालावी.